आई संसार सांभाळते

“मुस्कान मत छोड़ना, बेटा. कुछ भी पूछूँ, मुस्कान नहीं जानी चाहिए.”

असं म्हणून सरांनी माइक माझ्या हातात दिला.

बुऱ्हाणपुरातला तो हॉल गच्च भरलेला. मांडीवर फायली धरून बसलेली पोरं-पोरी. कुणी लालबागची, कुणी शिकारपुऱ्याची, कुणी धूलकोटहून पहाटेची बस धरून आलेली. सगळी माझ्यासारखीच, शिकून घरी बसलेली. स्टेजच्या मागे बॅनर होता, ‘नौकरी पाने के अचूक उपाय’. त्यावर हाताची घडी घातलेले सर. प्रवेश मोफत होता, म्हणून मी गेले होते.

नकली इंटरव्ह्यूसाठी स्टेजवर कोण येतं, असं सरांनी विचारलं तेव्हा कुणी हात वर करेना. मी केला. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी शिकवलं होतं की संधी आली की पहिला हात आपला पाहिजे. मी शिकवलेलं मनावर घेणारी मुलगी. लहानपणापासूनची खोड आहे.

सर कंपनी झाले, मी उमेदवार. नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं. बी.कॉम., मग संगणकाचा पीजीडीसीए, मग हिंदी टायपिंगची सरकारी परीक्षा, तीही पास. आमच्या मध्य प्रदेशात एवढं सगळ्यांकडेच असतं, तरी मी ताठ मानेनं सांगितलं. आवाज कापत नव्हता. सगळं नीट चाललं होतं.

“पिताजी क्या करते हैं?”

“पेपर मिल में थे, सर. अब रिटायर्ड हैं.”

“और माताजी?”

हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारलेला आहे. नोकरी मी करणार, टायपिंग मी करणार, आणि यांना माझी आई काय करते ते हवं असतं. दरवेळी मी म्हणायचे, “कुछ नहीं करतीं.” सगळ्याच मुली म्हणतात. तोंडातून आपोआप निघतं. पण त्या दिवशी सकाळी आईनं शेजारून इस्त्री मागून आणून माझा कुर्ता कडक केला होता. ओढणीला फॉल-पिको करायच्या मशिनवर बसून नवी किनार लावली होती. बाबांचं पथ्याचं वेगळं केलं, माझा डबा भरला, आणि दारात उभी राहून फाइल घेतली का म्हणून विचारलं. ते सगळं अंगावर घालून मी उभी होते. “कुछ नहीं” म्हणायला जीभ वळेना.

मी म्हणाले, “मम्मी संसार सँभालती हैं.”

मराठीत हे किती साधं वाक्य आहे. आई संसार सांभाळते. पण मी ते हिंदीत म्हटलं होतं, आणि हिंदीत संसार म्हणजे जग. पृथ्वी, आकाश, सगळं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझी सगळी शाळा हिंदीत झाली. पण काही शब्द शाळेतून येत नाहीत, ते स्वयंपाकघरातून येतात, आणि घाबरल्यावर तेच आधी येतात.

सरांनी डोळे मोठे केले. मग सावकाश हॉलकडे वळले. आपला माइक तोंडाजवळ घेतला.

“वाह. मतलब आपकी मम्मी पूरा संसार सँभालती हैं? सूरज, चाँद, सब?”

हॉलमध्ये हशा फुटला. पोटं धरून हसले लोक. पुढच्या रांगेतला एक मुलगा शेजारच्याच्या पाठीवर थापा मारत होता.

“फिर बेटा, तुम नौकरी क्यों ढूँढ़ रही हो? मम्मी से बोलो, अपने संसार में से एक दिलवा दें.”

पुन्हा हसणं. आणि मी? मी मुस्कान धरून उभी. सांगितलंच होतं ना, कुछ भी हो. गाल दुखायला लागले, तरी ओठ खाली येईनात. समोर कुणीतरी मोबाइल वर धरला होता. त्यातही मी हसतानाच आले.

मग सर गंभीर झाले. ते या कलेत तरबेज होते, हसवायचं आणि लगेच शहाणपण सांगायचं. म्हणाले, “देखिए, बच्ची टैलेंटेड है. पर घर की बोली इंटरव्यू में ले आई. घर की बोली दरवाज़े के बाहर उतारकर आइए. चप्पल की तरह.”

पोरांनी ते वह्यांमध्ये लिहून घेतलं. मी स्टेजवरून उतरून जागेवर बसले. शेजारी जसोंडीची सरिता होती, माझी कॉलेजची मैत्रीण. केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, तीही माझ्यासारखीच नोकरीच्या मागे. तिनं माझा हात दाबला. ती हसली नव्हती. पण तिची मान खाली होती, म्हणजे हसू दाबत असावी.

शेवटी सर म्हणाले, “हार मत मानिए. चेष्टा करते रहिए.”

त्यांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. माझ्या मराठीत चेष्टा म्हणजे चेष्टा. त्या दिवशी दोन्ही झालं.

आता या सरांबद्दल सांगते. त्यांच्या वडिलांचा केळीचा मोठा व्यापार. तो हॉल त्यांचाच, खालची दुकानं त्यांचीच. सर बाहेर शिकून आले, व्यापारात मन रमेना, म्हणून हे सुरू केलं. या माणसानं उभ्या जन्मात कुणाकडे नोकरी मागितलेली नाही. फाइल घेऊन कुणाच्या काचेच्या दाराबाहेर उभा राहिलेला नाही. “साहब मीटिंग में हैं” हे त्यानं कधी ऐकलेलं नाही, कारण मीटिंगमधला साहेब त्याच्या घरचा. आणि तो आम्हाला शिकवत होता की नोकरी कशी मिळवायची.

काय काय शिकवलं त्यानं. आपलं नेटवर्क वापरा. चाचा, मामा, पापा के दोस्त, सबको बताइए. माझे मामा रावेरकडे केळीचे घड कापायला जातात. पापांचे दोस्त म्हणजे मिलमधले जुने लोक, सगळे महाराष्ट्रातून आलेले, आता संध्याकाळी ओट्यावर बसून गुडघ्यांबद्दल बोलतात. हे माझं नेटवर्क. ऑनलाइन प्रोफाइल चकचकीत ठेवा. ठेवलं. त्यावर मला रोज एकच मेसेज यायचा, घरबसल्या काम करा, आधी पैसे भरा. कमजोरी विचारली तर ताकद म्हणून सांगा. माझी कमजोरी ही की घर भाड्याचं आहे आणि नोकरी मला हवीच आहे. ती ताकद म्हणून कशी सांगायची ते त्यांनी शिकवलं नाही.

मी प्रयत्न केला नव्हता असं कुणी म्हणू नये. रोजगार कार्यालयात नाव घातलेलं. सरकारी भरतीचे अर्ज भरलेले. शनवारा वेशीपासून स्टेशनपर्यंत एक दुकान, एक शाळा, एक शोरूम सोडलं नव्हतं. सगळीकडे एकच प्रश्न आधी. किसकी तरफ से आई हो? मी कुणाच्याच तरफेनं आलेली नसायचे. मग “बताएँगे”. बताएँगे म्हणजे नाही, हे समजायला मला बराच काळ लागला.

घरी येऊन मी काही बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. सरांच्या माणसांनी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. दोन-तीन दिवसांत ते फिरायला लागलं. ‘संसार सँभालने वाली मम्मी’. मी बोलते तिथं घंटा वाजते, मागे देवाचा फोटो येतो, मग हसण्याचा आवाज. रावेरच्या मावशीनं ते बाबांच्या मोबाइलवर पाठवलं. खाली लिहिलेलं, ‘आपली पोरगी दिसते’.

आईनं पाहिलं. चष्मा लावून, मोबाइल लांब धरून, दोनदा पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

“मंग चुकी काय झाली त्यात?” आईनं विचारलं.

“हिंदीत संसार म्हणजे दुनिया, आई. सगळं जग.”

आईनं चष्मा काढला.

“मंग मी काय सांभाळते?”

तिनं हे रागानं विचारलं नाही. रडूनही नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. कोणता शब्द आहे मग त्याला हिंदीत? मी बी.कॉम., मी पीजीडीसीए. मला सांगता आलं नाही. घर? गृहस्थी? गृहस्थी म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं. पण आईच्या तोंडात तो शब्द कधीच नव्हता. ती लग्न होऊन मिलच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हापासून संसारच सांभाळत आली. क्वार्टर सुटलं, बुऱ्हाणपुरात भाड्यानं आलो, बाबांची साखर वाढली, तरी तेच सांभाळत आली. तिनं मोबाइल बाबांना परत दिला आणि मशिनवर जाऊन बसली. बराच वेळ मशिनचा आवाज आला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका मोबाइल शोरूममध्ये इंटरव्ह्यू होता. काउंटरमागचा मुलगा माझ्याच वयाचा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग नीट बघितलं.

“अरे, आप वो संसार वाली हो ना?”

त्यानं आत हाक मारली. आणखी दोघं बाहेर आले. माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. एकानं विचारलं, एक बार बोलकर दिखाओ ना. मी फाइल छातीशी धरून बाहेर आले. उन्हात रस्त्यावर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, माझ्या तोंडावर तीच मुस्कान होती. मला स्वतःची किळस आली.

आणि मग सरांचा फोन आला.

आवाज गोड. बेटा, वीडियो बहुत चला. तुम तो स्टार हो. माझ्या ऑफिसात रिसेप्शनवर जागा आहे, सोमवारपासून ये. दर महिन्याला पगार. फक्त एक छोटं काम आणखी. महिन्यातून एकदा जो मोठा कार्यक्रम असतो त्यात स्टेजवर यायचं. आधी ती जुनी चूक करून दाखवायची, मग म्हणायचं, ‘सर के पास आने के बाद’, आणि अचूक उत्तर द्यायचं, ‘माय मदर इज ए होममेकर’. लोकांना फरक दिसला पाहिजे. बिफोर, आफ्टर.

मी बाबांना सांगितलं. बाबांनी वर पाहिलंही नाही. म्हणाले, “लागून जा. बाकी मंग पाहू.” मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस. त्याला एकच कळतं, लागलेली नोकरी आणि न लागलेली नोकरी. सरिताला सांगितलं. ती म्हणाली, “कर ना यार. दो मिनिटाची एक्टिंग आहे. नौकरी तो पक्की आहे ना? मला बोलले असते तर मी नाचून पण दाखवलं असतं.”

ती थट्टेनं म्हणाली नव्हती. तिच्या घरी तिचं लग्न ठरवायला निघाले होते. एक नोकरी लागली असती तर ते थांबलं असतं. म्हणून तिला नाचसुद्धा परवडणार होता. आणि मला का परवडू नये? मी लागले.

रिसेप्शनची खुर्ची फिरणारी होती. गळ्यात आयकार्ड, निळ्या पट्ट्याचं. त्यावर माझा फोटो, माझं नाव. पहिल्या दिवशी ते मी घरी काढलंच नाही. आईनं पट्टा हातात घेऊन पाहिला, फोटो चांगला आलाय म्हणाली. मला आनंद झाला होता, खोटं का सांगू. सकाळी आवरून कुठंतरी जायचं, कुणीतरी वाट बघतंय, याची भूक मला किती होती ते त्या दिवसांत कळलं.

मग तालीम सुरू झाली.

सरांच्या केबिनमध्ये, ते खुर्चीत, मी उभी. मी म्हणाले, “मम्मी संसार सँभालती हैं.” सरांनी मान हलवली.

“नहीं. वो बात नहीं आ रही. उस दिन जैसा भोलापन था, वो लाओ. थोड़ा देहाती बोलो. संसार में थोड़ी मराठी डालो.”

मी पुन्हा म्हणाले. पुन्हा नाही. मम्मी नको, आई म्हण. ‘आईं’ असं ओढून. हात असे पुढे बांध. घाबरल्यासारखी दिस. त्या दिवशी याच माणसानं शिकवलं होतं, बोली चप्पल आहे, बाहेर काढून या. आता तीच चप्पल त्याला स्टेजवर हवी होती, माझ्याच हातात, उंच धरलेली. मी रोज दुपारी माझी चूक पाठ करत होते. शाळेत कविता इतक्या वेळा म्हणून घेतल्या नव्हत्या कुणी.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, “मम्मी को भी लाना. हम उनका सम्मान करेंगे. शॉल-श्रीफल.”

मी घरी येऊन आईला सांगितलं. शाल देणार आहेत, एवढंच सांगितलं. 

आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतके दिवस व्हिडिओबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. आता म्हणाली, “सरले चुकी कळली असंन. म्हणून शाल देऊन रायले. चांगला माणूस आहे.”

 ती शेजारी जाऊन सांगून आली. तिघींना सांगितलं तिनं. जन्मात तिला कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. हिरवी काठाची साडी काढली, जी फक्त लग्नाला निघते. सकाळी कुंकू लावताना दोनदा आरशात पाहिलं.

हॉल पहिल्यापेक्षा जास्त भरलेला होता. मी स्टेजवर सरांशेजारी, आई पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. पदर खांद्यावरून पुढे घेतलेला, हात मांडीवर. टेबलावर शाल होती, प्लास्टिकच्या पिशवीत, वर नारळ. आईची नजर तिकडे जायची आणि लगेच परत यायची, कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून.

सरांनी माइक घेतला. आधी सगळ्यांना पडद्यावर तो व्हिडिओ दाखवला. घंटा. देवाचा फोटो. हसणं. मग म्हणाले, “और आज, दोस्तो, संसार सँभालने वाली मम्मी हमारे बीच हैं.” हात लांब करून आईकडे दाखवला.

सगळा हॉल हसायला लागला. मागचे लोक उभे राहून बघायला लागले. कुणीतरी “माताजी की जय” म्हणालं. आईनं मागे वळून पाहिलं. इतके लोक हसतायत, आपल्याकडे बघून हसतायत. तिला वाटलं असेल, कौतुक आहे.

आणि आईसुद्धा हसायला लागली.

पदर तोंडाला लावून, लाजून, सगळ्यांबरोबर. खांदे हलत होते तिचे. माझी आई माझ्यासमोर स्वतःवर हसत होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

 मला शोरूममधला तो मुलगा आठवला. माझी मुस्कान आठवली. मला दिसलं की ही मुस्कान आता घरापर्यंत आली. माझ्या तोंडावरून आईच्या तोंडावर गेली. मला चीड आली. हसणं हे लोक आमच्याकडून घेतात. नोकरीच्या बदल्यात नाही, नोकरीच्या आशेच्या बदल्यात.

“हाँ तो बेटा,” सर माझ्याकडे वळले, दुसरा माइक माझ्या हातात दिला, “बताओ, माताजी क्या करती हैं?”

हीच माझी जागा होती. हात पुढे बांधायचे, घाबरल्यासारखं दिसायचं. मी हात मोकळे सोडले.

“सर, वो गलती नहीं थी. मैं नहीं बोलूँगी.”

सरांना वाटलं मी विसरले. हळूच म्हणाले, “बोलो, बोलो. संसार.”

मग मी मराठीत बोलले. माइकमध्ये. बुऱ्हाणपुरात मराठी न कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही, पण स्टेजवरून ती कुणी बोलत नाही.

“माझी आई संसार सांभाळते. मी ती चूक नाही म्हणणार. तिच्यावर हसायला मी तिला आणलेलं नाही.”

हॉल गप्प झाला. सगळा नाही. मागे काही जण हसलेच, सवयीनं. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. मी आईकडे पाहिलं. तिचं हसू अर्ध्यावर थांबलं होतं. पदर अजून तोंडाशीच होता. ती माझ्याकडे बघत होती, मग सरांकडे, मग पडद्याकडे, जिथं अजून तो देवाचा फोटो थांबलेला होता. तिला कळत होतं. मला कळत होतं की तिला कळतंय.

सर क्षणभर अडखळले. फक्त क्षणभर. मग त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि हॉलकडे वळून म्हणाले, “देखिए, इसे कहते हैं एटीट्यूड प्रॉब्लम. नौकरी इसी से जाती है. नोट कर लीजिए.”

आणि पोरांनी नोट केलं. मी वरून बघितलं, वह्या उघडल्या, पेनं चालली. माझा नकारसुद्धा त्या माणसाच्या शिकवणीत जमा झाला.

मी गळ्यातला पट्टा काढला आणि शालीच्या पिशवीवर ठेवला. खाली उतरून आईचा हात धरला.  आम्ही मधल्या वाटेनं बाहेर आलो, सगळे वळून बघत होते. सरिता मागच्या रांगेत बसलेली होती. ती उठली नाही. मला तिचा राग आला नाही, आजही नाही. तिचं लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं, आणि ते थांबवायला तिला अजून सरांकडूनच नोकरीची आशा होती.

घराकडे, लालबागला जाणाऱ्या रिक्षात बसलो. मी वाट बघत होते की आई म्हणेल, बरं केलंस. मुलींना असं वाटतं. सगळं जग विरोधात गेलं तरी आई म्हणेल. आई म्हणाली नाही. घरी आल्यावर तिनं ती हिरवी साडी सोडली, घडी घातली, ट्रंकेत ठेवली. शेजारीण विचारायला आली, शाल दाखवा. आई म्हणाली, कार्यक्रम रद्द झाला.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ आली.

“मले काबर नाही सांगितलं?”



“मी हसली तिथी. एवढ्या लोकात. माह्यावरच हसली मी. तुले माहीत होतं, मले नव्हतं.”

शालीचं दुःख नव्हतं ते. नोकरी गेल्याचंही नव्हतं, ते बाबांना होतं. तिला राग होता की सगळ्या हॉलला जे ठाऊक होतं ते तिला कुणी सांगितलं नाही. आणि ती चूक होती माझी, सरांची नाही. ती म्हणाली, “यापुढे मले सांगायचं. हसायचं की नाही ते माहं मी ठरवीन.” आणि आत निघून गेली.

सरांना माझ्या जागी दुसरी मिळाली. धूलकोटकडची कुणीतरी. तिची चूक काय होती ते मला माहीत नाही. पण तिलाही तालीम देतात म्हणे. त्या फिरत्या खुर्चीत ती बसते आणि महिन्यातून एकदा स्टेजवर चुकते. हॉल भरतो. अजूनही भरतो. मीही तिथं मोफत प्रवेश बघूनच गेले होते, त्यामुळे जाणाऱ्यांना मी काय सांगू?

मला नोकरी लागली नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण अशा गोष्टी ऐकणाऱ्याला शेवटी वाटतं की मग हिला कुठंतरी चांगली जागा मिळाली असेल. नाही मिळाली. मी अजूनही जाते. रोजगार कार्यालयात जाते, दुकानांत जाते, केळीच्या पॅकिंगच्या ऑफिसात जाते, शाळांमध्ये जाते. फाइल तीच आहे. पण मी तीच नाही. आता मी आधी विचारते, काम काय, वेळ काय, पगार कधी मिळतो, बायकांसाठी संडास आहे का. माझ्या ओळखीच्या मुलींना मी हे सगळं फोनवर सांगते, कुठं पैसे मागतात, कुठं मालक दार लावून बोलतो, कुठं खरंच जागा आहे. हे कुणी स्टेजवरून शिकवत नाही. आणि हसायचं कारण असेल तरच मी हसते.

परवा एका पॉवरलूमच्या ऑफिसात गेले होते. बिलं बनवायला मुलगी हवी होती. मालक वयस्क, स्वभावानं वाईट दिसला नाही. टायपिंग पाहिलं, पसंत पडलं. टॅली पाहिलं, तेही पसंत. चहा मागवला माझ्यासाठी. इतक्या दिवसांत कुणी चहा विचारला नव्हता. मला वाटलं, झालं काम.

“पिताजी?”

“पेपर मिल से रिटायर्ड.”

“और माँ?”

होममेकर म्हणता आलं असतं. हाउसवाइफ म्हणता आलं असतं. गृहस्थी म्हणता आलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. चहा समोर होता.

“संसार सँभालती है.”

तो हसला. मोठ्यानं नाही. पण हसला, आणि म्हणाला, “अरे, ये तो वो वाला...”

मी फाइल उचलली. तो म्हणाला, “अरे बैठो, बुरा मत मानो.” मी बसले नाही. चहा तसाच राहिला.

घरी आले तेव्हा आई मशिनवर होती. तिनं पाय थांबवला.

“काय झालं?”

मी सांगितलं. आता मी तिला सगळं सांगते. त्यानं विचारलं, मी हे म्हटलं, तो हसला, मी उठले.

आईनं सुईखालची साडी सरळ केली.

“उद्या कुठी?”

“स्टेशनजवळ एक शाळा आहे. ऑफिसात जागा आहे म्हणतात.”

“मंग कुर्ता दे. इस्त्री करून ठेवते.”

मशीन पुन्हा सुरू झालं. मी कुर्ता काढून दिला. उद्या तिथंही विचारतील, आई काय करते. मी हेच सांगणार. हसले तर उठणार. परवा आणखी कुठंतरी जाईन, तिथंही विचारतील, तिथंही हेच सांगणार. नोकरी मला हवी आहे, आजही तेवढीच हवी आहे. शब्द बदलून नको.